जावयाच्या विरोधात निकाल

रमाबाई गजभियेंना कुणी "आजी, बसा ना जरा" म्हटलं की त्यांचा पारा चढतो. बसायचंच असतं तर त्या नागपुरातच बसल्या असत्या. तिथे बसायला घरापुढे ओटा होता आणि बोलायला शेजारीण होती. अ‍ॅरिझोनातल्या चँडलरला लेकीकडे राहायला आल्यापासून ही बाई सोफ्यावर टेकलेली कुणी फारशी पाहिलेली नाही. टीव्हीवरची अमेरिकन फुटबॉलची, हातात चेंडू घेऊन पळायची, मॅचसुद्धा त्या उभ्यानेच बघतात, पडद्याच्या अगदी पुढ्यात, हात पाठीशी बांधून. मागे बसलेल्यांना अर्धं मैदान दिसत नाही आणि ते कुरकुरत राहतात. पंच कधी बसून निकाल देतो का, असं त्यांचं म्हणणं.

हे म्हणायचा त्यांना हक्क होता. नागपूरच्या इंदोरा भागातल्या मुलींच्या शाळेत त्या आयुष्यभर खेळाच्या बाई होत्या आणि विदर्भभर कबड्डीच्या पंच म्हणून फिरल्या होत्या. एका गावच्या फायनलला तिथला एक वजनदार माणूस थेट रेघेपाशी आला आणि म्हणाला, "हिचा निकाल आम्ही मानायचा?" त्या 'हिचा'मध्ये त्याने काय काय भरलं होतं, ते रमाबाईंना लहानपणापासून पाठ होतं. त्यांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि त्याला रेघेमागे जायला सांगितलं. सगळं गाव बघत होतं. तो गेला. घरी आल्यावर रमाबाई पोटभर रडल्या, आणि ते रडणं आनंदाचं होतं. जगात इतर कुठे नसेल, पण त्या आखलेल्या रेघेच्या आत सगळ्यांना एकच नियम लागू होतो आणि तो नियम बोलून दाखवायचं काम आपल्याकडे आहे, याचा त्यांना फार अभिमान होता. ती पितळी शिट्टी त्यांनी अमेरिकेत येतानाही बॅगेत न टाकता पर्समध्ये घातली होती.

आता शिट्टीला पुन्हा काम मिळायची शक्यता निर्माण झाली होती, आणि घरातलं भांडण त्यावरूनच चालू होतं.

झालं होतं असं. रमाबाईंची नात केया मुलींच्या फ्लॅग फुटबॉलमध्ये खेळते. या खेळात एकमेकींना पाडायचं नसतं, कमरेला लावलेली फडकी ओढायची असतात; फडकं निघालं की डाव तिथेच थांबतो. तिच्या सरावाला रमाबाई रोज जायच्या आणि रेघेबाहेर उभ्या राहून स्वतःशीच हातवारे करत निकाल द्यायच्या. ते हातवारे लीग चालवणाऱ्या शेरिलच्या नजरेत भरले. लहान गटाच्या मॅचेसना तिला पंच मिळत नव्हते. तिने रमाबाईंना सरळ विचारलं, दर शनिवारी सकाळी येशील का? सोमवारपर्यंत कळव.

रमाबाई हो म्हणायला एका पायावर तयार होत्या. पण मैदान गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिकडे बस जात नाही आणि त्यांना गाडी चालवता येत नाही. न्यायचं तर लेकीनेच, आणि दीक्षा नाही म्हणून बसली होती.

"आई, इथले पेरेंट्स कसे ओरडतात तू बघितलंयस ना? रेफरीचे व्हिडिओ काढून पोस्ट करतात. तुझं हसं झालेलं मला नाही बघवणार."

"माझं हसं व्हायला मी काय सर्कशीत जात आहे?"

"मागच्या वर्षीचं विसरलीस?"

मागच्या वर्षीचं कुणीच विसरलं नव्हतं.

त्यासाठी या घरचा दरबार काय असतो ते सांगायला हवं. दीक्षाचा नवरा अतुल इथल्या ज्या विद्यापीठात शिकला त्या संघाचा रंग निळा. त्याचा मित्र मिहीर, पुण्याचा, कायम डेटाच्या गोष्टी करणारा, शिकला ते विद्यापीठ पिवळं. ही दोन विद्यापीठं एकमेकांना पाण्यात बघतात आणि थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात त्यांची मॅच असते. त्या दुपारी मिहीर तर्री-पोहे खायला आणि अतुलला डिवचायला हजर. आल्याआल्या सगळ्यांनी आपापले फोन आणि घड्याळं लाडवांच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात टाकायची आणि झाकण लावून डबा बाबासाहेबांच्या फोटोखालच्या टेबलावर ठेवायचा. याचं कारण असं, की मैदानावरच्या रेफरीचा एखादा निर्णय पुन्हा तपासायला गेला की अतुल टीव्ही थांबवतो आणि दरबार भरतो. प्रत्येकाने आपलं मत कारणासह मांडायचं. मग घरचा पंच निकाल देणार, आणि त्यानंतरच टीव्ही पुढे सोडून खऱ्या रेफरीचा निकाल बघायचा; तो आधीच फोनवर कुणाला कळता कामा नये. घरचा पंच अर्थात रमाबाई.

तर मागच्या वर्षी एक खेळाडू ढिगाऱ्याखाली सापडला होता आणि त्याचा नुसता हात गोलच्या रेघेपार गेला होता. रमाबाईंनी छाती पुढे काढून निकाल दिला, गुण! कबड्डीत अंगावर सात जणी पडल्या तरी चढाई करणाऱ्या मुलीचं बोट मधल्या रेघेला लागलं की ती सुटली. पन्नास वर्षांची सवय ती, डोळे हातावरच गेले. इथे मात्र हाताला कुणी विचारत नाही, रेघेपार चेंडू जावा लागतो, आणि चेंडू त्या पोराच्या पोटाखाली होता. टीव्ही पुढे गेला, रेफरीने गुण नाकारला, आणि मिहीर हसत हसत म्हणाला, "काकू, या खेळात चेंडूपण असतो!"

सगळे पोट धरून हसले. रमाबाईही हसल्या. महिन्याभरात हा विनोद चँडलरच्या सगळ्या मराठी घरांत पोचला, आणि त्यात अतुलचाही हातभार होता. इथे आल्यापासून भिंतीवरच्या खिळ्याला लटकणारी शिट्टी मात्र दुसऱ्याच दिवशी तिथून गायब झाली. ती सुटकेसच्या तळाशी गेल्याचं दीक्षाला पुढे कधीतरी कळलं, आणि ते तिच्या मनात रुतून बसलं होतं.

यंदा मिहीर आला तो फोन डब्यात टाकता टाकताच मधाळ आवाजात म्हणाला, "जय भीम, काकू. या वर्षी पंच बदलायचा का? रोटेशन वगैरे?"

"पंच बदलायचा असेल तर घर बदला," रमाबाई म्हणाल्या आणि टीव्हीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

मॅच सुरू झाली आणि निळ्यांच्या कोचने पहिल्याच भागात अतुलच्या तोंडचं पाणी पळवलं. दहा यार्ड पुढे सरकायला चार डाव मिळतात. तीन डावांत ते जमलं नाही, तर शहाणे कोच चौथ्या डावाला चेंडू लांब लाथाडून देतात, म्हणजे समोरच्यांना निदान दुरून सुरुवात करावी लागते. या कोचने मैदानाच्या मधोमध चौथा डावही धावण्यात घालवला. मुलगा अडवला गेला, चेंडू जागच्या जागी पिवळ्यांच्या हातात गेला आणि पिवळ्यांनी तिथून गुण चढवले.

"वेडा आहे हा माणूस!" अतुल ओरडला. "कुणी सांगितलं होतं रिस्क घ्यायला?"

"नंबर्स त्याच्या बाजूने होते यार," मिहीर म्हणाला. पिवळ्यांना गुण मिळाल्यावर त्याला निळ्या कोचची बाजू घ्यायला काहीच जड जात नव्हतं.

"मला नंबर कळत नाहीत," रमाबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "पण नव्या कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणावाच लागतो, नाहीतर पोरगी बाद. तिथे इलाजच नसतो. याला इलाज होता, तरी यानं पोराला पाठवलं. माणसाला छाती आहे."

"छाती आहे, डोकं नाही, आई!"

"ते अजून दिसायचंय, अतुलराव."

पुढचे दोन तास घर नुसतं दणाणत होतं. पोह्यांवरची तर्री संपली आणि दीक्षाने दुसरी टाकली. पंचांना, म्हणजे टीव्हीतल्या, शिव्या घालून अतुलचा घसा बसला. केया सोफ्यावर उड्या मारत होती. आणि शेवटचं मिनिट उरलेलं असताना निळ्यांनी चेंडू गोलच्या रेघेपार नेऊन सहा गुणांचा टचडाउन केला. आता ते फक्त एका गुणाने मागे होते.

इथे निळ्यांच्या कोचने टाइमआउट घेतला आणि घरात दोन तट पडले. टचडाउननंतर एक जादा संधी मिळते. सोपी किक मारली तर एक गुण, म्हणजे बरोबरी, आणि मॅच जादा वेळेत जाणार. किंवा गोलच्या रेघेजवळून पुन्हा एकदा चेंडू घेऊन आत घुसायचं. जमलं तर दोन गुण आणि विजय, फसलं तर सगळं संपलं.

"किक!" अतुल म्हणाला. "डोळे मिटून किक. आपलंच ग्राउंड आहे, ओव्हरटाइममध्ये बघून घेऊ."

"दोनसाठी जा," मिहीर म्हणाला.

"तू म्हणणारच! तुला आम्ही फसायला हवंय."

"आई, तुला काय वाटतं?" हे दीक्षाने विचारलं. ती स्वयंपाकघराच्या दारात झारा हातात घेऊन उभी होती.

रमाबाईंनी पडद्याकडे बोट केलं. "ते पिवळे बघ. सगळ्यांचे हात कमरेवर. दोघं तर वाकून गुडघे धरून उभे आहेत. असे दमलेले खेळाडू समोर असताना त्यांना दम खायला वेळ द्यायचा? आत्ताच जायचं. भिऊन बरोबरी मागू नये."

कोचने जणू त्यांचंच ऐकलं. किक मारणारा मुलगा बाहेरच थांबला आणि निळे पुन्हा रेघेपाशी उभे राहिले. चेंडू निघाला, एका तगड्या मुलाने तो काखेत मारला, उजवीकडून घुसला, दोघांनी त्याला मधेच धरलं, तो तसाच पुढे झेपावला आणि रेघेवर माणसांचा ढीग पडला. रेफरीने दोन्ही हात वर केले. गुण!

अतुलने केयाला उचलून गरागरा फिरवलं. दिवा पडता पडता राहिला. "आई, तुमचं ऐकलं कोचने! तुमचं!" असं म्हणत तो रमाबाईंच्या पाया पडायला वाकला, आणि वाकलेला असतानाच टीव्हीतला माणूस म्हणाला की हा निर्णय पुन्हा तपासला जाणार आहे.

अतुलने वाकल्या वाकल्याच टीव्ही थांबवला.

दरबार भरला. अतुल म्हणाला, गुण, शंभर टक्के, हात बघा कुठे आहे. केया म्हणाली, "इट्स गुड, आजी! टोटली गुड!" मिहीर म्हणाला, गुण नाही, पण त्याच्या बोलण्यात जोर नव्हता. पिवळा माणूस दुसरं काय म्हणणार, हे त्यालाही ठाऊक होतं. मग सगळे रमाबाईंकडे बघू लागले.

"मागे घ्या," त्या म्हणाल्या. अतुलने चित्र मागे घेतलं. "अजून एकदा. आता बाजूचा कॅमेरा. हळू."

मुलगा झेपावला. त्याचा मोकळा हात रेघेच्या पार पुढे गेलेला स्वच्छ दिसत होता, मागच्या वर्षीसारखाच. रमाबाईंनी हाताकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. वर्षभर केयाच्या सरावाला उभं राहून त्यांनी एवढी एकच गोष्ट घोटवली होती, फक्त चेंडूवर डोळा. चेंडू दुसऱ्या काखेत होता, अंगाच्या मागे, रेघेच्या अलीकडे. आणि तो तिथे असतानाच त्या मुलाचा गुडघा गवताला टेकला. अगदी ओझरता टेकला, पण टेकला. गुडघा टेकला की तो डाव तिथेच संपतो.

आत घुसायचा सल्ला त्यांचाच होता. घर जावयाचं होतं, संघ जावयाचा होता. शिवाय डोळ्यांनी पुन्हा दगा दिला असेल तर? यंदा चुकल्या तर चँडलरमध्ये तोंड दाखवायला जागा उरणार नाही, आणि शेरिलला सोमवारी काय सांगायचं तेही इथेच ठरून जाईल.

दीक्षाने त्यांच्या चेहऱ्यावरचं ते सगळं वाचलं. ती हळूच म्हणाली, "आई, नक्की दिसत नाही असं म्हण ना. खरे रेफरीसुद्धा म्हणतात तसं. मग मूळ निर्णय कायम राहतो. कुणी काही बोलणार नाही."

सुटायला याहून सोपी वाट नव्हती. पण रमाबाईंना नक्की दिसलं होतं.

"गुण नाही," त्या म्हणाल्या.

"आई!" अतुल कळवळला. "निदान जावयाचा तरी मान ठेवा!"

"जावयाचा मान जेवणाच्या ताटावर, अतुलराव. रेघेवर नाही. गुडघा आधी टेकला. चेंडू अलीकडे आहे."

"काकू, शुअर?" मिहीरने विचारलं. निकाल त्याच्या बाजूचा होता, तरी त्याच्या तोंडून ते गेलंच. "म्हणजे, मागच्या वर्षी..."

"मागच्या वर्षी मी हात बघितला होता. या वर्षी चेंडू बघितला." एवढं बोलून रमाबाई वळल्या आणि स्वयंपाकघराकडे चालू लागल्या. "चहा कोणाकोणाला?"

"अहो काकू, रेफरी काय म्हणतो ते तरी बघा!"

"मी माझा निकाल दिला. आता रेफरीने त्याचा द्यावा."

आत जाऊन त्यांनी आधण ठेवलं. दीक्षा मागोमाग आली. आईच्या चमच्यातली साखर डब्याबाहेर सांडत होती, ती दीक्षाने हाताने गोळा केली. बाहेर अतुलने टीव्ही पुढे सोडला. रेफरीचा घोगरा आवाज आला, त्यातलं इथे काही नीट ऐकू येईना. मग अतुलचं "नोऽऽ" आणि मिहीरची आरोळी एकदमच आली, आणि केया धावत येऊन रमाबाईंच्या कमरेला लटकली.

"आजी! हिज नी वॉज डाउन! ही सेड एक्झॅक्टली व्हॉट यू सेड!"

रमाबाईंनी डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. मग केयाला म्हणाल्या, "आलं किसून दे जरा." पण त्यांचा चेहरा असा फुलला होता की दीक्षाला लहानपणी पाहिलेली, मैदानावरून घरी येणारी आई आठवली. तिने गॅस बारीक केला आणि आईला घट्ट मिठी मारली.

मॅच निळे हरले. अतुल चहाला आला तो सुतकी चेहरा घेऊन आणि भांडायच्या तयारीत. "बघा, म्हणजे मीच बरोबर होतो. किक मारली असती तर आत्ता ओव्हरटाइम चालू असता. या कोचला काढून टाकायला हवं."

"काहून काढायचं? निर्णय चोख होता. वीतभर कमी पडलं."

"तुम्हीच जा म्हणालात आणि तुम्हीच गुण नाकारलात!"

"हो. दोन्ही वेळेला मी बरोबर होते," रमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी बशीत चहा ओतला.

मिहीरने कप खाली ठेवून दोन्ही हात जोडले. "काकू, मागच्या वर्षीचा तो जोक मी ऑफिशियली मागे घेतो. चँडलरमध्ये ज्याला ज्याला सांगितला होता त्याला आजचंही सांगणार, प्रॉमिस."

"सांगच," रमाबाई म्हणाल्या. "आणि चेंडू कुठे होता तेही सांग."

दीक्षा उठली, फोटोखालचा डबा उघडला आणि त्यातून आपला फोन काढला. शेरिलचा नंबर लावून तिने तो आईपुढे धरला. "तूच बोल. मी नेईन शनिवारी. दर शनिवारी नेईन."

रमाबाईंनी पदर सारखा केला, जणू शेरिल समोरच उभी होती. "हॅलो शेरिल. धिस इज रमाबाई. येस, आय विल कम." मग जरा थांबून त्यांनी बजावलं, "बट आय विल ब्रिंग माय ओन व्हिसल."

हिवाळ्यातल्या पहिल्या शनिवारी चँडलरच्या मैदानावर कोवळं ऊन होतं. रमाबाई काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट आणि पायात केयाने निवडलेले बूट घालून रेघेवर उभ्या होत्या, गळ्यात पितळी शिट्टी. दीक्षा आणि अतुल घडीच्या खुर्च्या टाकून बाहेर बसले होते. दीक्षाने खुर्चीचा दांडा घट्ट धरून ठेवला होता.

मॅच संपत आली असताना एक चिमुरडी चेंडू घेऊन सुसाट निघाली आणि गोलच्या रेघेपार गेली. तिच्या घरचे उड्या मारू लागले. रमाबाईंनी शिट्टी फुंकली, खाली वाकून गवतावर पडलेलं तिचं फडकं उचललं आणि ते जिथे ओढलं गेलं होतं त्या जागेवर, रेघेच्या एक पाऊल अलीकडे, हात दाखवला. गुण नाही.

मुलीचा बाप लालबुंद झाला. अतुलच्या खुर्चीशेजारून त्याने आरडाओरडा सुरू केला. आर यू ब्लाइंड? चेंज दॅट कॉल! दीक्षा उठू लागली तेवढ्यात अतुलने तिचा हात दाबून तिला खाली बसवलं आणि त्या माणसाकडे वळून अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला,

"सर, सेव्ह युवर व्हॉइस. दॅट्स माय मदर-इन-लॉ. शी डिडन्ट चेंज इट फॉर मी आयदर."

त्या माणसाला हसू फुटलं आणि तो खाली बसला. रमाबाईंनी मागे वळूनही पाहिलं नव्हतं. त्यांनी पुन्हा शिट्टी वाजवली, आणि दोन्हीकडच्या मुली धावत येऊन त्यांचा हात दाखवत होता तिथे रांगेत उभ्या राहिल्या.